जेवणाच्या सुटीतली 15 मिनिटं

अँटवर्पच्या किनेपोलिसमध्ये एरवी सिनेमे लागतात. वर्षातून एकदा, डेव्हॉक्स या प्रोग्रॅमरांच्या परिषदेच्या आठवड्यात, त्याच अवाढव्य पडद्यांवर कोड उमटतो आणि देशोदेशीचे प्रोग्रॅमर मऊ खुर्च्यांत रेलून तो वाचत बसतात. दुपार होते. पोटात कावळे ओरडू लागतात, बाहेर खाण्यासाठी झुंबड उडते. काही जण मात्र हातातलं सँडविच सांभाळत पुन्हा आत शिरतात. क्विकी सुरू व्हायची असते.

क्विकी म्हणजे जेवणाच्या सुटीतलं 15 मिनिटांचं तांत्रिक भाषण. डेव्हॉक्समध्ये एकेक विषय तीन-तीन तास उलगडणारी सत्रंही असतात. क्विकीत तेवढी उसंत कुठली! लॅपटॉपची केबल जोडून पडदा उजळेपर्यंत एक मिनिट गेलं, तर उरतात चौदा. मग स्वतःची ओळख, कंपनीची थोरवी, विषयाचा इतिहास, सगळं गळून पडतं. एकच गोष्ट उरते, आणि ती सांगणाऱ्याला मनापासून आवडलेली असावी लागते. समोरचे लोक जेवण बाजूला ठेवून आलेले असतात. त्यांचा तेवढा मान राखायलाच हवा.

छोट्या भाषणाची ही ओढ जुनी आहे. 2000 साली पिट्सबर्गच्या पर्ल परिषदेत मार्क जेसन डॉमिनस यांनी पाच-पाच मिनिटांची ‘लाइटनिंग टॉक्स’ भरवली. तासभर बोलायची हिंमत नसलेला माणूसही पाच मिनिटं उभा राहू शकतो, हे त्यातलं सगळ्यात मोलाचं. नवखा आवाज पहिल्यांदा फुटतो तो इथेच.

2012 मध्ये अमेरिकेतल्या कोडमॅश परिषदेत गॅरी बर्नहार्ट ‘वॉट’ नावाचं असंच छोटंसं भाषण घेऊन उभे राहिले. जावास्क्रिप्टमध्ये शब्दातून एक वजा केला, तर ती भाषा चूक दाखवून थांबत नाही. ‘नॅन’ असं उत्तर देते, म्हणजे ‘ही संख्या नव्हे’. बर्नहार्ट यांनी 16 रिकाम्या घरांची यादी घेतली, घरांमधल्या फटींत हे नॅन भरलं आणि शेवटी ‘बॅटमॅन!’ जोडलं. फटी पंधरा. पडद्यावर नॅन-नॅन-नॅनची माळ, तिच्या टोकाला बॅटमॅन; जुन्या मालिकेचं शीर्षकगीतच जणू! सभागृह हसून लोटपोट झालं. पण त्या हसण्यात भाषेचा एक खरा गुण कायमचा डोक्यात बसला. जाडजूड पुस्तकाला हे सहसा साधत नाही.

पुढच्याच वर्षी, मार्च 2013 मध्ये, सांता क्लारातल्या पायकॉन परिषदेत सॉलोमन हाइक्स यांना मिळाली होती पाच मिनिटं. त्यांनी काळ्या पडद्यावर एक आज्ञा टाइप केली. उत्तरादाखल उमटलं फक्त ‘हॅलो वर्ल्ड’. पण ते शब्द छापणारा प्रोग्रॅम एका बंदिस्त डब्यात, कंटेनरमध्ये, चालत होता. प्रोग्रॅमला लागणारा शिधा त्याच्याबरोबरच बांधून द्यायचा, म्हणजे तो कुठल्याही यंत्रावर तसाच चालेल, ही ती कल्पना. नाव होतं डॉकर. पुढच्या काही वर्षांत जगभरच्या सर्व्हरांवर हे डबे रचले गेले.

क्विकी संपली की टाळ्या होतात, लगेच पुढचा वक्ता केबल हातात घेतो. आधीचा वक्ता दाराशी पोचतो तोवर दोघे-तिघे त्याला गाठतात. कडेच्या उंच टेबलावर लॅपटॉप पुन्हा उघडला जातो. कुणी सँडविचचा कागद बाजूला सारतं, कुणी बोट ठेवून एक ओळ दाखवतं, आणि सगळी डोकी त्या ओळीवर वाकतात.