दुखत नाही आता

गेल्या दसऱ्याची गोष्ट. आमच्या हिंगोलीचा दसरा साऱ्या मराठवाड्यात नावाजलेला. रामलीला मैदानावर प्रदर्शन भरते, आकाशपाळणे उभे राहतात, आणि नातवंडांना तिथे घेऊन जाण्याचा मान आपोआप आजोबांकडे येतो. मी तो मान पुरेपूर उपभोगला. पाच वर्षांच्या नातीला पाळण्यात बसवले, बुढ्ढी के बाल घेऊन दिले आणि निघताना रेवड्यांची एक पुडीही तिच्या हाती ठेवली. घर येईपर्यंत तिने एकेक करून ती संपवली. पोर खूश झाली, या समाधानात मी झोपलो.

रात्री दोनच्या सुमारास ते समाधान संपले. पोर उशीत तोंड खुपसून रडत होती. उजवा गाल हाताने दाबून धरलेला. दिवा लावून तोंडात पाहिले, तो खालच्या दाढेत तुरीची डाळ मावेल एवढा खड्डा!

मग कोणत्याही घरात जे होते तेच आमच्या घरात झाले. सूनबाईंनी लवंगेच्या तेलाचा बोळा आणला. चिरंजीव मोबाइलमध्ये उपाय शोधू लागले. आमच्या मंडळींनी मात्र अंथरुणातूनच निकाल दिला, "दुधाचेच तर दात! आज ना उद्या पडायचेच. एवढा बाऊ कशाला?"

खरे सांगायचे तर मला तो निकाल ऐकून बरे वाटले. त्याला कारण होते. सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. तेव्हापासून त्याची पथके अंगणवाड्यांतून वर्षातून दोनदा मुले तपासून जातात. आमच्या नातीची तपासणी त्या उन्हाळ्याआधीच झाली होती. घरी आलेल्या चिठ्ठीवर लिहिले होते, 'दातांना कीड. दंतवैद्यास दाखवावे.' ती चिठ्ठी मी वाचली, घडी केली आणि पंचांगात ठेवून दिली. दुधाचे दात, म्हटले. पंचांगात ठेवलेला कागद आमच्या घरी मुहूर्ताशिवाय बाहेर निघत नाही. हा मुहूर्त रात्री दोनचा निघाला.

सकाळी शेजारच्या काकू आल्या. त्यांचा उपाय तयार होता. रिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकायच्या, त्याची धुरी तोंडात घ्यायची, की दातातल्या अळ्या पटापटा खाली पडतात. काकूंनी त्या लहानपणी डोळ्यांनी पाहिल्या होत्या. त्या गेल्यावर पोर माझ्याजवळ आली आणि हळूच विचारू लागली, "आबा, माझ्या दातात अळी आहे? ती रात्री घशात जाईल?"

त्या दिवशी ती जेवली नाही. दुखत होते म्हणून नव्हे, अळीला जेवू घालायचे नव्हते म्हणून!

आपली भाषाच इथे आपल्याला फसवते. आपण दात 'किडला' म्हणतो, दाताला 'कीड लागली' म्हणतो, आणि पोरांच्या डोळ्यांपुढे हरभऱ्याच्या घाट्यातली अळी उभी राहते. या समजुतीत आपण एकटे नाही. दातात अळी असते असे युरोपातही शेकडो वर्षे मानत. तिथे खुरासनी ओव्याच्या बियांची धुरी देत आणि खाली वाडग्यात पडलेले पांढरे कण रोग्याला दाखवीत. ते कण म्हणजे उष्णतेने फुटलेल्या बियांतले अंकुर होते, हे पुढे लोकांच्या लक्षात आले. फ्रान्समधल्या पिएर फोशार या दंतवैद्याने १७२८ साली दातांवर मोठा ग्रंथ लिहिला आणि अशी अळी आपल्याला कुठे दिसली नाही, असे सांगून टाकले. दात पोखरणारे असतात ते डोळ्यांना न दिसणारे जंतू. आपण गोड किंवा पिठूळ खाल्ले की ते त्याचे आम्ल करतात आणि त्या आम्लाने दात विरघळत जातो. हे सारे मला त्या सकाळी ठाऊक नव्हते. मी नातीला सांगितले, "अळीबिळी काही नसते. चल, डॉक्टरांकडे जाऊ." डॉक्टर हा शब्द ऐकताच ती पलंगाखाली गेली.

तिला तिथून ओढून काढून आम्ही जवळच्या एका दवाखान्यात नेले. तिथे झाले ते फारसे सांगण्यासारखे नाही. बापाने हात धरले, आईने पाय धरले, मी डोके धरले. डॉक्टरांनी "एवढी मोठी झालीस आणि रडतेस?" असे म्हणून बोट तोंडात घातले, आणि पोरीने उरलेल्या चांगल्या दातांचा उपयोग केला. डॉक्टरांचीही चूक म्हणता येत नाही. बाहेर रांग लागली होती. काहीच न होता आम्ही घरी परतलो.

संध्याकाळी ती आपण होऊन माझ्या मांडीवर येऊन बसली आणि म्हणाली, "आबा, दुखत नाही आता."

घरात सगळ्यांना हायसे वाटले. मला मात्र चर्र झाले. कारण हे वाक्य माझे होते.

१९६३ साल असेल. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातले तालुक्याचे गाव; स्वतंत्र जिल्हा व्हायला १९९९ साल उजाडावे लागले. मी आठ वर्षांचा होतो. दाढ ठणकू लागली. आईने आधी मशेरी लावून पाहिली. मग वडील मला आठवडी बाजारात घेऊन गेले. तिथे गोणपाटावर एक गृहस्थ बसत. पुढे लाल फडके आणि फडक्यावर त्यांनी काढलेल्या दातांचा ढीग, त्यांचे प्रशस्तिपत्रकच म्हणा ना! वडिलांनी माझे डोके गुडघ्यांत धरले, गृहस्थांनी पकड घातली, आणि मी बैल हंबरावा तसा ओरडलो. दात निघाला. घरी आल्यावर कळले की तो भलताच दात होता. दुखरी दाढ जागच्या जागी होती!

ही गोष्ट मी गेली कित्येक वर्षे सांगत आलो आहे. लग्नाकार्यात, दिवाळीच्या फराळाला, पाहुणे आले की कोणीतरी म्हणते, "आबा, ती पकडीची गोष्ट सांगा." मग मी सांडशी हातात घेऊन साभिनय सांगतो. लोक पोट धरधरून हसतात. त्या हसणाऱ्यांत एक पाच वर्षांची पोर डोळे विस्फारून बसलेली असते, ती हसत नसते, हे माझ्या कधी ध्यानात आले नाही.

आणि त्या गोष्टीचा शेवट मी कधीच कोणाला सांगितला नव्हता. भलता दात निघाल्यावर वडील म्हणाले, "पुढच्या बाजारी पुन्हा जाऊ." मी म्हणालो, "नको. दुखत नाही आता." आणि पुढे चार-पाच महिने ती ठणकणारी दाढ तोंडात घेऊन मी शाळेत गेलो, गोट्या खेळलो, रात्री उशी चावत झोपलो. आईला कळू दिले नाही. पुढे नोकरी लागली, चांगले दंतवैद्य झाले, भुलीची इंजेक्शने आली, पण मी दवाखान्याची पायरी चढलो ती दात हलू लागल्यावरच. आज खालच्या कवळीत माझे आठ दात आहेत; ते मी किडीने गमावले असे सांगतो. भीतीने गमावले, हे अधिक खरे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पंचांगातून ती चिठ्ठी काढली आणि चिरंजीवांना म्हणालो, "गाडी काढ. नांदेडला मुलांच्या दातांच्या खास डॉक्टर आहेत म्हणतात. तिथे जाऊ." कळमनुरी गेले, आखाडा बाळापूर गेले, दोन्ही बाजूंना हळदीची हिरवीगार शेते. एरवी बडबड करणारी पोर खिडकीला नाक लावून गप्प होती. मी दोनदा म्हणालो, "भिऊ नकोस हं. काही दुखणार नाही." त्याबरोबर तिने हात पुन्हा गालावर नेला.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी पोरीच्या तोंडाकडे पाहिलेच नाही. तिच्या हातात एक लहानसा आरसा दिला आणि म्हणाल्या, "माझे दात मोज बरं." पोरीने बिचकत मोजले. मग बाईंनी वाऱ्याची नळी आधी स्वतःच्या तळहातावर सोडली, नंतर पोरीच्या तळहातावर, मग नखावर. खुर्ची वर-खाली करून दाखवली. वीस मिनिटांनी पोर आपणहून आ करून बसली होती. बाईंनी तिचे वीस दात मोजले आणि म्हणाल्या, "आज एवढंच. पुढच्या वेळी तुझ्या दाढेला झोपवायचंय."

ऐंशी-नव्वद किलोमीटर येऊन नुसते दात मोजले! माझा चेहरा पाहून बाई हसल्या. म्हणाल्या, "आजोबा, ही पद्धत नवी नाही. आधी सांगायचं, मग दाखवायचं, मग करायचं. १९५९ साली ॲडलस्टन नावाच्या दंतवैद्यांनी ती लिहून ठेवली आहे."

१९५९! म्हणजे मी बाजारात गुडघ्यांत डोके देऊन ओरडलो, त्याच्या चार वर्षे आधी.

"आता मला एक सांगा," बाई म्हणाल्या, "घरी डॉक्टरांचं नाव कोणत्या कामाला वापरता?"

मी खाली पाहिले. जेवत नाही तेव्हा, झोपत नाही तेव्हा, हट्ट करते तेव्हा, "थांब, डॉक्टरांना सांगून सुई टोचायला लावतो" हे माझे हुकमी अस्त्र होते. बाई एवढेच म्हणाल्या, "ते तेवढं बंद करा. आणि 'दुखणार नाही' असंही म्हणू नका. त्यातला 'दुखणार' एवढाच शब्द मुलाला ऐकू येतो. जे खरं असेल ते सांगा."

दुधाच्या दातांबद्दलही त्यांनी माझे अज्ञान दूर केले. पुढचे दात सहा-सात वर्षांपासून पडू लागतात हे खरे. पण मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत राहतात. म्हणजे आमच्या नातीला त्या दाढेवर आणखी पाच-सहा वर्षे जेवायचे होते. शिवाय त्या खालून येणाऱ्या पक्क्या दातांची जागा राखून ठेवतात. वेळेआधी गेल्या तर शेजारचे दात सरकतात आणि नवे वाकडे उगवतात. आणि सहाव्या वर्षाच्या सुमारास त्यांच्या मागे जी दाढ येते, ती मुळी दुधाची नसतेच. आई-बाप तिलाही दुधाची समजतात आणि कायमची दाढ हकनाक जाऊ देतात.

"मग गोड बंदच करायचं का? आता तर दिवाळी आली," सूनबाईंनी विचारले. त्यावर बाईंनी एक जुना प्रयोग सांगितला. स्वीडनमध्ये लुंड शहरी व्हिपेहोल्म नावाच्या मनोरुग्णालयात १९४५ नंतर काही वर्षे रुग्णांना मुद्दाम निरनिराळ्या प्रकारे गोड खायला घातले. ज्यांना नाही म्हणण्याची समज नव्हती अशा माणसांवर केलेला तो प्रयोग. आज कोणी त्याचे समर्थन करणार नाही. पण १९५४ साली त्याचे निष्कर्ष छापून आले, त्यांतून एक गोष्ट जगाला कळली. जेवणाबरोबर खाल्लेल्या साखरेने दात तितके बिघडत नाहीत. दोन जेवणांच्या मध्ये वारंवार खाल्लेल्या चिकट टॉफीने ते झपाट्याने किडतात. दर खाण्याला काही मिनिटांत तोंडात आम्ल होते आणि लाळेला ते निवळायला अर्धा-पाऊण तास लागतो. रामलीला मैदानापासून घरापर्यंत एकेक करून पुरवलेल्या माझ्या रेवड्यांनी लाळेला ती उसंतच दिली नव्हती. तीच गत चहात बुडवलेल्या बिस्किटांची आणि येता-जाता तोंडात टाकलेल्या गुळाच्या खड्याची. गूळ साखरेपेक्षा सोवळा, ही माझी समजूतही तिथेच गळून पडली.

"रात्री झोपताना वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट," बाईंनी शेवटी बजावले, "आणि सात-आठ वर्षांची होईपर्यंत दात मोठ्यांनी घासून द्यायचे. तिच्यावर सोपवायचे नाहीत."

दुसऱ्या खेपेला एका लहान किडलेल्या दाताला त्यांनी काळे पडणारे एक औषध नुसते लावले. त्याने कीड जागीच थांबते, कोरावे लागत नाही. तिसऱ्या खेपेला दुखऱ्या दाढेची पाळी आली. बाईंनी हिरडीला मलम लावले आणि खरे तेच सांगितले, "आता चिमटा बसल्यासारखं होईल. मी पाच मोजीपर्यंत. नको वाटलं तर डावा हात वर कर, मी थांबेन." पोरीने तीनला हात वर केला. बाई खरोखरच थांबल्या. मग पोरीनेच मान डोलावली. आपण हात वर केला तर मोठे माणूस थांबते, हे तिला कळले; मला वाटते, त्या दिवशी दाढेपेक्षा तेच अधिक दुरुस्त झाले. दाढेच्या मुळांचा उपचार झाला आणि वर स्टीलची टोपी बसली. 'चांदीचा दात' म्हणून ती सगळ्या गल्लीला दाखवीत हिंडली.

दिवाळीला पाहुणे आले. फराळ झाला. लाडू, शंकरपाळे जेवणाबरोबर. नंतर डबा बंद आणि चुळा भरायच्या, असा सूनबाईंचा नवा कायदा. आणि नेहमीप्रमाणे कोणीतरी म्हणाले, "आबा, पकडीची गोष्ट होऊ द्या."

सांडशी समोरच होती. नात माझ्या मांडीला टेकून बसली होती. मी सांडशी बाजूला सारली आणि त्या दिवशी पहिल्यांदाच गोष्टीचा शेवट सांगितला. भलता दात निघाल्यावर मी वडिलांना काय सांगितले, आणि पुढे किती महिने गप्प बसलो, ते सांगितले. कोणी हसले नाही. गोष्ट फसलीच म्हणायची.

पाहुणे दुसऱ्या विषयाकडे वळले. पोरीने माझा सदरा ओढला.

"आबा, तुम्ही म्हणालात दुखत नाही, तेव्हा दुखत होतं?"

"हो," मी म्हणालो. "खूप दुखत होतं."

ती थोडा वेळ विचार करीत राहिली. मग माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, "माझंपण."