तृतीयेचं पाणी

माघ शुद्ध तृतीया. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल तो भरतीचा तास. तीन गुणिले पाऊण म्हणजे सव्वादोन. भरती सव्वादोनला, तर ओहोटी त्याच्या सहा तास आधी, सकाळी सव्वाआठच्या सुमारास. कोकणपट्टीवर होडी पाण्यात ढकलणाऱ्या माणसाला हे गणित शिकवावं लागत नाही. आमच्या सहलीच्या वाटाड्याने त्यातून आणखी थोडा वेळ वजा केला. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून वर चढत जाते, त्यामुळे मुंबईच्या आधी गोव्याच्या सीमेवर पाणी भरलेलं असतं. म्हणून त्याने सगळ्यांना साडेसातला रेडीजवळच्या खडकांवर हजर राहायला बजावलं. उशीर केलात तर समुद्र बघायला मिळेल, पण समुद्राचा तळ बघायला मिळणार नाही, एवढंच तो म्हणाला.

आम्ही आठ जण होतो. नववं माणूस तो घेत नाही, त्याला पुढची तारीख देतो. खडकावर उभं राहून साध्या आवाजात बोललेलं सगळ्यांना ऐकू गेलं पाहिजे, आणि दुपारी खाडीत जायचं त्या होड्यांत उगाच दाटी नको, हा त्याचा हिशोब. आमच्यात पोस्टातून निवृत्त झालेले एक काका आणि काकू होत्या, बेळगावच्या दोन शिक्षिका होत्या, डोंबिवलीचं एक कुटुंब होतं आणि मी. वाटाड्या शिरोड्याचा, पस्तिशीचा, गाबीत, म्हणजे मासेमार घरातला. मोठी माणसं त्याला बाळा म्हणत, बाकीचे दादा.

तेरेखोलच्या खाडीपासून वेंगुर्ल्यापर्यंत जेमतेम तीस-पस्तीस किलोमीटर. गाडीने गेलात तर तासाभराची बाब. आम्हाला त्यासाठी उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंतचा वेळ लागला आणि तोही पुरला नाही.

पहाटे तेरेखोलच्या किल्ल्याशी पोचलो तेव्हा खाडीपलीकडचं केरी अजून धुक्यात होतं. सावंतवाडीकर भोसल्यांचा हा किल्ला १७४६ मध्ये पोर्तुगीजांकडे गेला, आणि म्हणून खाडीच्या उत्तर तीरावर असूनही ही जमीन आज गोव्यात मोडते. १९५४ च्या १५ ऑगस्टला गोव्याच्या सत्याग्रहींनी इथे तिरंगा लावला होता. वाटाड्याने हे दोन वाक्यांत सांगितलं आणि घड्याळाकडे न बघता पाण्याकडे बघितलं. "बेगीन चला. पाणी थांबला हा, आता भरूक लागतला."

रेडीजवळ डोंगराचा एक पाय समुद्रात उतरलाय, तिथले काळे-तांबडे खडक उघडे पडले होते. त्या दोन तासांसाठी मी या सहलीची आठवण जन्मभर धरून ठेवीन. वरून पाहिलं तर नुसते खडक, शेवाळाने बुळबुळीत झालेले. खाली बसलं की एकेका खळग्यात वस्ती दिसायला लागते. पायाच्या अंगठ्याएवढं एक समुद्रफूल पाण्यात आपल्या हिरवट पाकळ्या पसरून बसलं होतं. वाटाड्याने त्याच्याजवळ पाण्यात नुसतं बोट हलवलं, तशा सगळ्या पाकळ्या आत ओढल्या गेल्या आणि तिथे मांसाचा एक गोल ठिपका तेवढा उरला. आम्ही आठही जण वाकून श्वास रोखून बघत होतो. मिनिटभराने एक पाकळी बाहेर आली, मग दुसरी. शेजारून एक शंख चालत गेला. आत दुसऱ्याच्या घरात बिऱ्हाड केलेला खेकडा होता. वाढत गेला की तो हे घर सोडून मोठा शंख शोधतो, आणि किनाऱ्यावरचे रिकामे शंख आपण पिशव्या भरभरून घरी नेतो तेव्हा त्याची घरंच आपण उचललेली असतात. डोंबिवलीच्या मुलीने मुठीतले तीन शंख कुणी न सांगता परत पाण्यात ठेवले.

वाटाड्याचा नियम एकच. दगड उलटलात तर होता तसा पुन्हा पालथा घाला. त्याच्या खालच्या ओलीवर जगणारी पिल्लं उन्हात थोड्याच वेळात वाळून जातात. पन्नास माणसं आली असती तर हा नियम कुणाला ऐकू गेला असता, आणि ऐकून कुणी पाळला असता? मला लहान गटाचं मोल तिथे कळलं. खडकाची सोसण्याची ताकद फार थोडी असते. आठ जोडी पाय त्याला चालतात.

थोडं पुढे एक मावशी उकिडव्या बसून कालवं फोडत होत्या. हातात टोकदार लोखंडी हत्यार. खडकाला घट्ट चिकटलेल्या शिंपल्याच्या वरच्या झाकणावर एक नेमका घाव, झाकण उडालं की त्याच टोकाने आतलं मऊ, राखाडी मांस खरवडून डब्यात. घाव, झाकण, डबा; हात एकदाही चुकत नव्हता. शिंपल्याचा खालचा भाग खडकावर तसाच राहत होता. शिक्षिकाबाईंनी विचारलं, एवढी बारीक कालवं किती वेळात डबाभर होतात? "पाणी वर येयपर्यंत," मावशी म्हणाल्या. तेवढंच त्यांचं मोजमाप. पाणी घोट्याला लागलं तशा त्या उठल्या, डब्यात थोडं खारं पाणी ओतलं आणि चालू लागल्या. आम्हीही उठलो.

रेडीच्या गणपतीच्या देवळात दुसऱ्या दिवशीच्या गणेशजयंतीची गडबड होती. लोहखनिजाच्या खाणीत १९७६ साली सापडलेली ही दोन हातांची मूर्ती. नमस्कार करून लगेच निघालो.

शिरोड्याच्या मिठागरांवर पोचेस्तोवर ऊन चढलं होतं आणि मिठाला तेच हवं असतं. भरतीचं पाणी आधी मोठ्या कोंडीत घ्यायचं, तिथे ते गढूळपणा टाकतं. मग एका खाचरातून दुसऱ्या खाचरात सोडत न्यायचं. प्रत्येक खाचरात ऊन थोडं पाणी पितं, उरलेलं अधिक खारट होतं. शेवटच्या खाचराची जमीन पायांनी तुडवून तुडवून गुळगुळीत केलेली असते, तिच्यावर मीठ धरतं. आगरातले एक आजोबा लांब दांड्याच्या लाकडी फावड्याने ते कडेला ओढत होते. मीठ ओढताना खालची माती खरवडली जाऊ नये एवढा हलका त्यांचा हात होता. ओंजळभर मीठ त्यांनी आमच्यापुढे धरलं. खडे राखाडी, ओले, काठांवर चौकोनी पैलू. काकूंनी एक खडा जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले.

मे १९३० मध्ये याच आगरांवर मिठाचा सत्याग्रह झाला. दांडी सगळ्यांना ठाऊक, शिरोडं फारसं कुणाला ठाऊक नाही, याची मला खंत वाटते. ज्या काळात सत्याग्रही इथे लाठ्या खायला येत होते, त्या काळात गावच्या शाळेत वि. स. खांडेकर शिकवत होते. १९२० ला ते इथे आले आणि १९३८ पर्यंत राहिले. पुढे ज्ञानपीठ मिळालेल्या लेखकाची लेखणी घडली ती या खाऱ्या वाऱ्यात. शाळा, आगर आणि वेळागरच्या सुरूच्या रांगा हे सगळं चालत जाण्याच्या अंतरात आहे. चाललं म्हणजे ते एकमेकांना जोडलेलं दिसतं. आमच्या वाटाड्याच्या पणजीने त्या दिवसांत सत्याग्रहींसाठी पेजेची हंडी चढवली होती, असं त्याच्या घरात सांगतात. ते सांगताना त्याचा आवाज थोडा जड झाला आणि कुणी काही बोललं नाही.

जेवण आरवलीत झालं, सोलकढी आणि उकड्या तांदळाचा भात. आरवली हे जयवंत दळवींचं गाव आणि वेतोबाचंही. वेतोबाला नवसाच्या चपला वाहतात, माणसाच्या पायापेक्षा कितीतरी मोठ्या. देव रात्री गावाची राखण करत हिंडतो आणि त्या झिजतात अशी श्रद्धा आहे. देवळात रांगेने ठेवलेल्या त्या चपलांच्या तळव्यांकडे काका बराच वेळ बघत राहिले. आयुष्यभर पत्रं वाटण्याच्या खात्यात काढलेला माणूस, झिजलेल्या तळव्याचा मान त्याला कळणारच.

मग वेंगुर्ल्याची मांडवी खाडी. इथे बचत गटातल्या बायका स्वतः होडी वल्हवत कांदळवन दाखवतात. २०१७ च्या सुमाराला त्यांनी हे सुरू केलं. इंजिन लावलेलं नाही, कारण आवाजाने पक्षी उठतात आणि तेलाने पाणी नासतं. आम्ही दोन होड्यांत बसलो. भरती नुकती टेकली होती, त्यामुळे पाणी थेट झाडांच्या कमरेपर्यंत. कांदळाची मुळं कमानीसारखी उतरून चिखलात रोवलेली, तिवराची मुळं खालून वर आलेली आणि पाण्याखाली गेलेली, आणि मध्ये चिप्पी. पांढऱ्या चिप्पीला २०२० मध्ये महाराष्ट्राने आपला कांदळवृक्ष ठरवलं. वल्हं मारणाऱ्या ताईंनी कांदळाची एक लांब हिरवी शेंगेसारखी वस्तू दाखवली. ते फळ झाडावरच रुजतं आणि रुजलेलं रोप खाली सुटतं. ओहोटीत सुटलं तर खाली चिखलात उभं घुसतं, भरतीत सुटलं तर तरंगत दुसरीकडे जागा शोधतं. "म्हणजे आईच्या अंगावर वाढून मगच घर सोडता," ताई म्हणाल्या. मुंबईत भराव घालून आपण याच झाडांची किती जंगलं मारली आणि पावसात शहर बुडालं की मग त्यांची आठवण काढतो. इथे त्यांच्या सावलीत कोळंबीची पिल्लं वाढतात, चिखल धरून ठेवला जातो, आणि आता काही घरांच्या चुलीही त्यांच्यामुळे पेटतात. त्या बायकांकडे बघून मला मनापासून अभिमान वाटला.

बाहेर येताना वाटाड्याशी रस्त्याचा विषय निघाला. रेवस ते रेडी सागरी महामार्गाची गोष्ट कोकण किती वर्षं ऐकतंय. रेवसला सुरू होणारा तो रस्ता रेडीला संपायचा आहे, आम्ही सकाळी खडकांवर उतरलो तिथेच. खाड्यांवर पूल झाले की मुंबई जवळ येईल. रस्ता हवा. शिरोड्याच्या बाळंतिणीला मोठ्या इस्पितळात वेळेवर पोचायचा हक्क आहे आणि इथल्या पोराला गावात राहून पोट भरायचाही. पण रस्त्याच्या वेगाने आलेला माणूस तिठ्यावर थांबून फोटो काढतो आणि पुढच्या किनाऱ्याला लागतो, हेही खरं. किनाऱ्यावर उतरणाऱ्याने पाण्याची वेळ विचारून उतरावं, इथल्या माणसाचा हात धरून उतरावं आणि त्या हाताला त्याचं मोल द्यावं, एवढं मागणं फार नाही. आमचा वाटाड्या सहलीच्या पैशातला वाटा त्या ताईंना, जेवण घालणाऱ्या घराला आणि आगरातल्या आजोबांना देतो. त्यामुळे आजोबा फावडं बाजूला ठेवून बोलायला वेळ काढतात. या दोन गोष्टींचा संबंध सरळ आहे.

वेंगुर्ल्यात सतराव्या शतकातली डच वखार अजून उभी आहे, भिंती फोडून झाडं वाढलेली. ती वाटेवरून बघितली, कारण किनाऱ्यावर रापण ओढायला सुरुवात झाली होती आणि वाटाड्याने गाडी तिकडे वळवायला लावली.

रापण म्हणजे सगळ्या वाडीचं काम. होडीतून जाळं अर्धगोलात टाकून आणतात आणि त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर. प्रत्येक दोराला माणसांची रांग, मागे मागे चालत ओढणारी. शेवटी पोचलेला पुन्हा पुढे जाऊन पाण्याशी दोर धरतो. दोन्ही रांगा हळूहळू एकमेकींकडे सरकतात आणि मध्ये जाळ्याची पिशवी उथळ पाण्यात येते. खोल पाण्यातली यांत्रिक पर्ससीन जाळी बांगड्या-तारलीचे थवेच्या थवे उचलायला लागली तेव्हापासून रापणीला हात रिकामे जायचे दिवस वाढले. रापणकरांनी त्याविरुद्ध लढा दिला, आणि २०१६ मध्ये राज्य सरकारने पर्ससीनवर बंधनं घातली. बंधनं पाळली जातात का, हे त्या दिवशी ओढणाऱ्यांपैकी कुणालाही विचारलं असतं तर एकच उत्तर मिळालं असतं.

वाटाड्याने चपला काढल्या, विजार गुडघ्यापर्यंत वर घेतली आणि रांगेत घुसला. आम्हाला म्हणाला, "हात लावा, बघताय काय?" ओला काथ्याचा दोर तळहात सोलतो. डोंबिवलीची मुलगी माझ्यापुढे, काका मागे. जाळं जड लागत होतं. तांडेल दोन्ही रांगांकडे बघून ओरडत होता, इकडे सैल सोडा, तिकडे ओढा. पिशवी वर आली तेव्हा आत चांदीचा कल्लोळ, तारली जास्त, बांगडे थोडे, दोन-चार मोरी, आणि एक फुगलेला काटेरी मासा, जो एका पोराने लगेच पाण्यात भिरकावून दिला. वाळूवर ढीग मांडले. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, हातांचे वाटे. दोराला ज्याचा हात लागला त्याला रिकामा पाठवायचा नाही ही रीत, त्यामुळे आमच्याही पुढे तारलीचा एक छोटा ढीग आला.

काकू शाकाहारी. काकांनी रूमाल पसरून मासे त्यात बांधायला घेतले, तशा त्या म्हणाल्या, "माझ्या पिशवीत नको हं." मग वाटाड्याने केळीचं पान आणलं, तारली त्यात गुंडाळली आणि त्या शिक्षिकांना विचारलं, बेळगावात त्रिफळं मिळतात का? नसतील तर घरून देतो, तारलीच्या तिखल्यात त्रिफळं नसली तर खाण्यात मजा नाही.