जुनी बोट घेताय? आधी आठ माणसांचं वजन घालून बघा

नारळी पौर्णिमा झाली की आमच्या मालवण, तारकर्ली, देवबाग पट्ट्यात जुन्या बोटींचे व्यवहार सुरू होतात. दिवाळीआधी बोट हातात हवी असते. वर्षाची कमाई दिवाळी, नाताळ आणि मे महिना एवढ्यातच व्हायची असते.

माझ्या मामेभावाचा देवबागात दोन खोल्यांचा होमस्टे आहे. पर्यटकांना संगम आणि डॉल्फिन दाखवायला त्याने जुनी फायबर बोट घ्यायची ठरवली. सोबत ४० एचपीचं आउटबोर्ड इंजिन. साडेचार लाखांत व्यवहार ठरला. वहिनीच्या बांगड्या पतसंस्थेत गेल्या आणि ५० हजार बयाणा देऊन झाला. मग मला फोन आला, "दादा, ट्रायलक येशात?" पत्रकार सोबत असला की कोणी फसवत नाही, असा एक गैरसमज आमच्याकडे आहे. मी माझ्या ओळखीच्या इंजिन मेस्त्रींना घेऊन गेलो. त्यांची तीस वर्षं याच कामात गेलीत.

खाडीकाठी पोचलो तर मालक किल्ली हातात घेऊन तयार. मेस्त्रींनी आधी इंजिनाच्या टोपणावर हात ठेवला. "तापलेला आसा. थंड होऊ दे, मगे चालू करूया."

मला तेव्हा कळलं नाही. नंतर त्यांनी सांगितलं, खराब इंजिनसुद्धा एकदा गरम झालं की एका फटक्यात चालू होतं. खरी परीक्षा थंड इंजिनाची. त्यामुळे गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन गरम करून ठेवणं ही जुनी युक्ती. "आम्ही येईपर्यंत चालू करू नका" हे फोनवरच सांगायचं असतं.

आम्ही तासभर थांबलो. तेवढ्यात मेस्त्रींनी किनाऱ्यावरच बरंच काही बघितलं. पंख्याच्या वरच्या गिअरचा खालचा स्क्रू सैल करून चार थेंब तेल काढलं. ते दुधाळ निघालं. म्हणजे सील गेलंय आणि तेलात पाणी शिरतंय. मग इंजिन वर उचलून त्याचा पाय धरून वरखाली दाबला आणि मला म्हणाले, "मागच्या फळीकडे बघ." ज्या फळीवर इंजिन बसवतात ती किंचित हलत होती. बोल्टांच्या भोवती ताजा रंग होता आणि रंगाखाली केसासारख्या चिरा. फायबरच्या आत बहुतेक वेळा प्लायवुड असतं. बोल्टच्या भोकातून पाणी झिरपलं की ते आतल्या आत कुजतं, बाहेरून कळत नाही. बोटीच्या अंगावर त्यांनी स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघितलं. चांगल्या जागी टणटण वाजतं, ओल धरलेल्या जागी भद्द.

मालक वैतागला. "विश्वास नाय तर बोट कित्याक बघतास?" मामेभावाची मान खाली. ओळखीतला माणूस, पुन्हा ५० हजार त्याच्याकडे अडकलेले.

बोट पाण्यात घातली. इंजिन चौथ्या ओढीला चालू झालं. बाजूने पाण्याची धार जोरात पडत होती, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा पंप ठीक. खाडीत एक फेरी झाली. तिघंच होतो, पाणी तळ्यासारखं, बोट मस्त पळाली. मामेभावाचा चेहरा खुलला. मालक म्हणाला, "झाली ट्रायल."

मेस्त्री म्हणाले, "आपण तिघा बसान बोट पळतलीच. टुरिस्ट आठ येतले."

मग होमस्टेवरून पाण्याचे २० लिटरचे बारा जार आणले. तीन जार म्हणजे ६० किलो, म्हणजे एक पर्यटक. बारा जार आणि गावातली चार पोरं, झाले आठ. बोटीचा तळ फडक्याने कोरडा केला, तळाचं बूच घट्ट आहे ना बघितलं, सगळ्यांना लाइफ जॅकेट घातली आणि कर्लीच्या मुखाकडे निघालो, जिथे लाट लागते.

तिथे बोट वेगळीच झाली. पूर्ण थ्रॉटल दिला तरी नाळ हवेतच, बोट पाण्यावर सपाट बसेना. मेस्त्रींनी आणलेल्या मीटरवर इंजिनाचे फेरे कंपनीच्या पुस्तकातल्या आकड्याच्या बरेच खाली. उजवीकडे वळताना सुकाणू जड, डावीकडे वळताना सैल. चालवणाऱ्याच्या मनगटाला लावायची लाल दोरी ओढली, तर इंजिन बंदच झालं नाही. चालवणारा पाण्यात पडला तर इंजिन थांबावं, एवढ्यासाठीच ती दोरी असते. नाहीतर मोकळी बोट फिरून त्याच्याच अंगावर येऊ शकते. चाळीस मिनिटांनी परत आलो तेव्हा कोरड्या केलेल्या तळात दोन बादल्या पाणी होतं. दहा मिनिटं बंद ठेवून इंजिन परत चालू केलं, तर घोंघावत राहिलं.

कागद मात्र चोख होते. नोंदणी, सर्व्हे, विमा सगळं होतं, इंजिनाचा नंबर जुळत होता, कर्जाचा बोजा नव्हता. कागद बघायलाच हवेत. पण तपासणीच्या दिवशी बोट कशी होती, एवढंच कागद सांगतो.

मामेभावाने बोट घेतली नाही. "दादा, बयाणो गेलो," म्हणाला. अर्धा गेला, अर्धा महिनाभर मागे लागून मिळाला. दोन दिवस तो माझ्याशी नीट बोलला नाही.

मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोन जीव गेले. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची स्पीडबोट ताबा सुटून 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर आदळली आणि दहाहून जास्त माणसं गेली. म्हणून ट्रायल घ्यायची ती जेटी, पोहणारी माणसं आणि प्रवासी बोटी यांच्यापासून लांब, मोकळ्या पाण्यात. अशा बातम्या मीही लिहिल्यात. किती बुडाले, किती वाचले, गुन्हा दाखल झाला की नाही. अपघात नसला तरी बोट विकत घेताना भरलेल्या वजनावर चालवून बघितली होती का, हा प्रश्न मी वीस वर्षांत एकाही बोटमालकाला विचारलेला नाही.

जानेवारीत जेटीवर तीच बोट दिसली. रंग नवा, नाव नवं. उजव्या काठावरच्या पोच्यावरून ओळखली. पर्यटक चढत होते. नव्या मालकाला बाजूला घेऊन फळी, गिअर आणि लाल दोरी, तिन्ही गोष्टी सांगितल्या. तो म्हणाला, "कागद क्लिअर आसत." त्यानेही कर्ज काढलेलं. कदाचित दुरुस्ती केलीही असेल, म्हणून बातमी केली नाही. संबंधित कार्यालयात लेखी कळवलं आणि पोच घेतली. तरी त्या दिवशी बोट परत येईपर्यंत मी जेटीवरच होतो.

बोट घेणाऱ्यांनो, पर्यटकाला ट्रायल मिळत नाही. तो पैसे देतो, पोराला मांडीवर घेतो आणि बसतो. त्याची ट्रायल तुम्हालाच घ्यायची आहे. बयाणा द्यायच्या आधी घ्या, म्हणजे नाही म्हणताना जीभ जड होत नाही. सोबत मेस्त्री न्या आणि बारा जार न्या.

आणि फिरायला येणाऱ्यांनो, चढण्यापूर्वी तळात पाणी आहे का बघा, जॅकेटचा पट्टा स्वतः लावा आणि चालवणाऱ्याला हसून विचारा, "लाल दोरी हाताला लावलीत ना?" चांगला बोटवाला रागावणार नाही. रागावला तर उतरा.