डावखुऱ्याचे काय करायचे?

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

काल मध्यरात्र उलटली तरी उलव्यात कोणी झोपले नव्हते. खाडीपलीकडे नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक घेतला आणि इथल्या गच्च्यांवर फटाके लागले. शफाली वर्माच्या ८७ धावा आणि वर दोन बळी. काही दिवसांपूर्वी ती संघातही नव्हती. प्रतीका रावल जखमी झाली म्हणून तिला बोलावणे गेले. उपान्त्य सामन्यात नाबाद १२७ करणाऱ्या जेमिमाला याच स्पर्धेत इंग्लंडविरुद्ध बाहेर बसवले होते.

हे मुद्दाम लिहून ठेवतो आहे. कारण कालच आमच्या संघाची बैठक झाली आणि डावखुऱ्याला काढायचे जवळजवळ ठरले.

आमची लीग सोसायट्यांची. टेनिस बॉल, आठ षटके, सिडकोच्या मोकळ्या प्लॉटवर आखलेले मैदान. प्रत्येक ओनरला लिलावात एक लाख पॉइंट मिळतात आणि दोन खेळाडू गावचे घेता येतात. आमच्या संघाचे ओनर भाऊ यांनी गावच्या एका डावखुऱ्या फलंदाजावर ४६ हजार पॉइंट लावले. बोली २० हजारांवर थांबेल असे सगळ्यांना वाटत होते. पण शेजारच्या टॉवरचा ओनर मागे हटेना, आणि भाऊही हटले नाहीत. आता उरलेल्या पॉइंटांत बाकीचा संघ उभा राहिला आहे. तो कसा असणार? यष्टिरक्षक नाही, शेवटची दोन षटके टाकायला माणूस नाही.

डावखुरा काल नाणेफेक झाल्यावर आला. कॅप्टनने सीमारेषेवर जायला सांगितले तर तोंडावर नाही म्हणाला. मग फलंदाजीत दहा चेंडूंत २८ केल्या आणि सामना संपायच्या आधी बाइकला किक मारून निघून गेला.

शनिवार, ८ नोव्हेंबर

शेजारच्या टॉवरकडून निरोप आला आहे. डावखुरा द्या, बदल्यात त्यांचा कीपर आणि एक मध्यमगती गोलंदाज घ्या. पॉइंटांचा हिशोब ते त्यांच्या बाजूला सांभाळतील.

कागदावर सौदा आमच्या फायद्याचा आहे. भाऊ लगेच तयार झाले. त्यांचा राग मला समजतो. पॉइंट त्यांनी मोजले, शिवाय गावच्या खेळाडूला दर सामन्याचे मानधन तेच देतात. कॅप्टनचा राग वेगळा आहे. त्याला पोरांसमोर उलट उत्तर मिळाले. बैठकीत मात्र दोघेही एकच वाक्य बोलत होते: एवढा महाग घेतला आणि वागतो असा.

माझे म्हणणे मी तिथेच मांडले, इथेही लिहितो. या वाक्यात दोन वेगळ्या तक्रारी एकत्र बांधल्या आहेत. महाग घेतला, हे आपण केले. लिलावात तो हात वर करत नव्हता. त्याचे वागणे ही मात्र त्याची जबाबदारी, आणि त्याबद्दल त्याला जाब विचारायला हवा. पण वीस हजारांत मिळालेला खेळाडू असाच उशिरा आला असता तर आपण त्याला विकायला काढला असता का? नाही. दोन शब्द सुनावले असते आणि पुढच्या रविवारी खेळवला असता. किमतीचा राग वागण्याच्या खात्यावर मांडणे हा अन्याय आहे.

भाऊ म्हणाले, “तुम्ही मॅनेजर आहात की त्याचे वकील?” निर्णय आठवडाभर पुढे गेला.

रविवार, ९ नोव्हेंबर

आज पृथ्वी शॉ २६ वर्षांचा झाला. कालपासून डोक्यात त्याचाच विचार आहे.

विरारचा मुलगा. २०१३ साली हॅरिस शील्डमध्ये रिझवी स्प्रिंगफील्डसाठी एका डावात ५४६ धावा केल्या, तेव्हा त्याचे वय १४. २०१८ मध्ये १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकणारा कर्णधार, त्याच वर्षी राजकोटला कसोटी पदार्पणात १३४. जानेवारी २०२३ मध्ये आसामविरुद्ध ३७९. रणजीच्या इतिहासात त्याहून मोठी खेळी एकच, भाऊसाहेब निंबाळकरांची १९४८ मधली नाबाद ४४३. आणि याच मुलाला ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईने रणजी संघातून वगळले. कारण खेळ नव्हे. तंदुरुस्ती आणि शिस्त. महिनाभरात जेद्दाच्या आयपीएल लिलावात ७५ लाखांच्या मूळ किमतीलाही त्याला कोणी घेतले नाही. दिल्लीने २०२२ च्या हंगामासाठी त्याला साडेसात कोटींना राखले होते.

मुंबई क्रिकेट असोसिएशनच्या बाजूने बोलणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचे खोटे नाही. विजय हजारे स्पर्धेतून नाव गळाले तेव्हा असोसिएशनकडून उघड सांगितले गेले की मैदानावर त्याला लपवावे लागते, चेंडू जवळून गेला तरी तो पोचत नाही. त्याची झळ बाकीच्या दहा जणांना बसते. टेनिस बॉलच्या आठ षटकांतही ती बसते; गेल्या रविवारी डावखुरा जागेवर नव्हता तेव्हा त्याच्या वाटणीचे धावणे कॉलेजातल्या एका मुलाने केले.

पण पुढे काय झाले तेही पाहायला हवे. जून २०२५ मध्ये पृथ्वीने मुंबईकडून ना हरकत प्रमाणपत्र मागितले, ते मिळाले, आणि जुलैत तो महाराष्ट्राकडे गेला. गहुंजेच्या सराव सामन्यात मुंबईविरुद्ध १८१ धावा, आणि बाद होताना जुन्या सहकाऱ्याशी वादावादी. म्हणजे स्वभाव बदलला नव्हता. केरळविरुद्ध रणजीच्या पहिल्या डावात शून्य. त्यानंतर गेल्याच महिन्यात चंडीगडविरुद्ध १५६ चेंडूंत २२२.

मला यातून एवढेच दिसते की मुंबईने त्याला अडवून ठेवले नाही आणि त्यानेही स्वतः लिहून मागितले. दोन्ही बाजूंनी हा व्यवहार स्वच्छ झाला. विकला गेला, फेकला गेला, असे त्याला वाटायचे कारण उरले नाही. तो पुढे धावा करो न करो, सोडण्याची ही रीत बरी.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

खेळाडूंची अदलाबदल ज्या खेळात जुनी, त्या अमेरिकेतल्या बेसबॉलचे वाचत बसलो होतो. १९१९ च्या डिसेंबरअखेरीस बॉस्टन रेड सॉक्सचा मालक हॅरी फ्रेझी याने बेब रूथला न्यूयॉर्क यांकीजला एक लाख डॉलरला विकले. रूथ पगार दुप्पट मागत होता, शिस्त पाळत नव्हता. फ्रेझीने तो स्वार्थी असल्याचे जाहीरपणे सांगितले. रूथ यांकीजकडे जाऊन त्या खेळातला सर्वांत मोठा माणूस झाला. बॉस्टनने १९१८ नंतर अजिंक्यपद थेट २००४ मध्ये मिळवले. ही गोष्ट ‘काढाल तर पस्तावाल’ अशा थाटात सांगितली जाते. मला तिचा फारसा उपयोग वाटत नाही. प्रत्येक त्रासदायक खेळाडू रूथ नसतो.

खरी माझ्या कामाची गोष्ट कर्ट फ्लडची आहे. सेंट लुइस कार्डिनल्सचा हा मध्यक्षेत्रातला खेळाडू, १२ हंगाम एकाच संघात. ऑक्टोबर १९६९ मध्ये त्याला न विचारता फिलाडेल्फियाला देऊन टाकले. तेव्हाच्या नियमाप्रमाणे खेळाडू जन्मभर क्लबला बांधलेला असे; जायचे नसेल तर खेळ सोडायचा. फ्लडने २४ डिसेंबर १९६९ ला बेसबॉलचे आयुक्त बोवी कुन यांना पत्र लिहिले की इतकी वर्षे खेळल्यावर मी काही माझ्या इच्छेविरुद्ध विकत घ्यायची-द्यायची मालमत्ता नाही. त्याचा पगार ९० हजार डॉलर होता. एवढा पगार घेणाऱ्याने तक्रार करू नये, असे तेव्हाही लोक म्हणाले. तो सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९७२ मध्ये ५ विरुद्ध ३ मतांनी हरला. त्याची कारकीर्द संपली. पण त्यानंतर नियम बदलले: दहा वर्षे खेळलेला आणि त्यातली शेवटची पाच एकाच संघात काढलेला खेळाडू स्वतःची अदलाबदल नाकारू शकतो.

पैसे चांगले मिळतात म्हणून माणसाचा होकार घ्यायची गरज संपत नाही, हे त्याने स्वतःचे नुकसान करून दाखवले. आमच्या बैठकीत डावखुऱ्याला विचारायचे कोणाच्याही मनात आले नव्हते.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

पालघरचा शार्दूल ठाकूर लखनौकडून मुंबई इंडियन्समध्ये आला, दोन कोटींत. कामावर जेवणाच्या सुट्टीत त्याचीच चर्चा. एक जण म्हणाला, “पण हार्दिकचे काय केले होते आपण?” दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरातच हार्दिक पंड्याला गुजरातकडून परत आणले, रोहितच्या जागी कर्णधार केले, आणि २०२४ मध्ये वानखेडेवर घरच्याच लोकांनी त्याची हुर्यो उडवली. संघ तळाला गेला. २९ जूनला बार्बाडोसमध्ये टी-२० विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात शेवटच्या षटकात त्याने १६ धावांचा बचाव केला, आणि ४ जुलैला त्याच वानखेडेवर त्याच्याच नावाचा गजर झाला. तो आयुष्यातला सर्वांत वाईट हंगाम त्याला आपण दिला होता. मी मुंबईचा पाठीराखा आहे आणि याची मला आजही लाज वाटते.

शनिवार, १५ नोव्हेंबर

सकाळी बातमी आली. जडेजा राजस्थानकडे, संजू सॅमसन चेन्नईकडे, सोबत सॅम करनही राजस्थानला. जडेजाची किंमत १८ कोटींवरून १४ कोटी झाली. २०१० मध्ये हाच जडेजा राजस्थानशी करार वाढवण्याऐवजी दुसऱ्या संघाशी बोलणी करत होता म्हणून हंगामभर बंदी भोगून बसला होता. आज तोच संघ त्याला मानाने घेतो आहे.

आयपीएलमध्ये अदलाबदलीची ही प्रथा २००९ पासून आहे. त्या वर्षी आपल्या श्रीरामपूरचा झहीर खान बंगळूरहून मुंबईला आला आणि रॉबिन उथप्पा तिकडे गेला. खेळाडूने होकार दिल्याशिवाय तिथे अदलाबदल होत नाही. कोट्यवधींचा बाजार म्हणून आपण त्यांना नावे ठेवतो. पण एवढा साधा नियम त्यांच्याकडे आहे, आमच्याकडे नाही.

संध्याकाळी खारकोपर स्टेशनबाहेर डावखुऱ्याला भेटलो. भाऊंना सांगून गेलो होतो. तो वहाळच्या बाजूला राहतो. मूळ घर विमानतळाच्या जागेत गेले, गाव हलले. तो लहानपणी जिथे खेळला ते मैदान आता धावपट्टीच्या कुंपणाआत आहे. उशिरा का येतोस, असे सरळ विचारले. म्हणाला, रविवारी सकाळी उरणकडे एक स्पर्धा असते, तिथे मॅच संपली की हातात रोख मिळते. ती खेळून तो आमच्याकडे येतो, आणि दुपारी तिसरीकडे जातो. सीमारेषेवर का गेला नाहीस? तर खांद्याला लागले आहे, लांबून फेकता येत नाही. आणि हे सांगितले तर उरणवाले घेणार नाहीत.

“हे आम्हाला तरी सांगायचेस.”

“दादा, मना कोनी इचारलाच नाय. बोली लागली, शर्ट दिला, बस.”

मी त्याला बजावले की कॅप्टनला पोरांसमोर नाही म्हणणे चूकच होते, त्याची माफी मागितली पाहिजे. तो खाली मान घालून ऐकत राहिला. शेजारच्या टॉवरचा प्रस्ताव सांगितला. त्यांचे सामने शनिवारी रात्री प्रकाशझोतात असतात. त्याचा चेहरा तिथेच खुलला. शनिवारी रात्री त्याला दुसरे काम नसते.

रविवार, २३ नोव्हेंबर

अदलाबदल झाली. आधी डावखुरा मैदानावर आला, कॅप्टनशी बाजूला जाऊन बोलला, दोघांनी हात मिळवले. मग दोन्ही ओनरसमोर कागदावर त्याने सही केली. खांद्याचे त्याने स्वतःच नव्या संघाला सांगितले. ते त्याला क्षेत्ररक्षणात पॉइंटला उभा करणार आहेत. आमचा नवा कीपर चांगला आहे. भाऊंनी या महिन्याचे डावखुऱ्याचे मानधन पूर्ण चुकते केले, कोणी सुचवायच्या आत.

काढा म्हणणाऱ्यांचेच शेवटी झाले, असे कोणी म्हणेल. सौदा तोच आहे, हे खरे. पण आठ तारखेला तो झाला असता तर डावखुऱ्याला शेजारच्या टॉवरचा शर्ट हातात पडल्यावर कळले असते, आणि ते दुखऱ्या खांद्याच्या माणसाला सीमारेषेवर पळवत राहिले असते.

बुधवार, १७ डिसेंबर

काल अबुधाबीत आयपीएलचा लिलाव झाला. व्यंकटेश अय्यर, ज्याच्यावर कोलकात्याने गेल्या वर्षी पावणेचोवीस कोटी लावले आणि ज्याच्या १४२ धावा वर्षभर लोकांच्या तोंडी होत्या, तो सात कोटींत बंगळूरला गेला. तो त्या पावणेचोवीस कोटींच्या ओझ्यातून सुटला याचा मला मनापासून आनंद आहे. पृथ्वी शॉला आधी कोणी बोली लावली नाही. शेवटी दिल्लीनेच ७५ लाखांना घेतले, ज्यांनी त्याला सोडले होते त्यांनीच. दिल्लीने हे योग्य केले. या किमतीला त्याच्या धावा मोजल्या जातील, कोटी कोणी मोजत बसणार नाही.

जानेवारीत आमच्या लीगची सभा आहे. मी दोन नियम लेखी देणार आहे. एक, खेळाडूची सही नसेल तर अदलाबदल बाद. दोन, एका खेळाडूवर ३० हजारांपेक्षा जास्त पॉइंट लावता येणार नाहीत. लीगमधल्या सगळ्या ओनरांना विनंती आहे की सभेला यावे आणि दोन्ही नियमांच्या बाजूने हात वर करावा.