तिसऱ्याची पथारी

पर्यटकबोटींच्या जाहिरातींत खोलीचे चित्र असते आणि त्या पलंगावर हटकून दोनच उशा असतात. या बोटींचा सगळा हिशेबच दोघांचा. भाडेसुद्धा खोलीत दोघे राहणार असे धरूनच सांगतात. पण आपले मराठी कुटुंब दोघांत कधी मावले आहे? कुणाची आई बरोबर असते, कुणाची एकटी आत्या, कुणाची नुकतीच दहावी झालेली मुलगी. या तिसऱ्या माणसाने निजायचे कुठे?

आम्ही मुंबईहून गोव्याला बोटीने निघालो तेव्हा बरोबर माझी आई होती. तिकिटे काढण्यापूर्वीच तिने बजावले, "जावयाच्या खोलीत मी कशी गं निजू? मला आपली डेकवर पथारी टाकून द्या."

तिच्या डोळ्यांपुढे होती ती कोकणची जुनी आगबोट. लहानपणी ती देवगडहून मुंबईला त्या बोटीने येई. डेकवर ज्याने आधी वळकटी सोडली त्याची जागा. एकाचे पाय दुसऱ्याच्या उशाशी, मध्ये ट्रंका आणि करंड्या. तिथे दुसरा-तिसरा असा भेदच नव्हता, कारण खोलीच नव्हती. ती वाहतूक केव्हाच बंद पडली. आजच्या बोटीच्या डेकवर पोहण्याचा हौद आणि आरामखुर्च्या असतात. पथारीला जागा नसते.

वेगळी खोली घ्यावी, तर एकट्या माणसालाही बहुधा दोघांच्या आसपास भाडे पडते. त्याच खोलीतल्या तिसऱ्याला मात्र पुष्कळदा कमी आकारतात. शिवाय सत्तरी ओलांडलेल्या आईला रात्रीची बोट लागली, तर बंद दाराआड तिच्याजवळ कोण?

साधी खोली सुमारे दीडशे चौरस फुटांची, म्हणजे चाळीतल्या दहा-बाराच्या खोलीहून जराशीच मोठी, त्यातच न्हाणीघर. खाली दोन पलंग. ते जोडले की दोघांचा एक होतो, सोडवले की दोन. तिसऱ्याचा बर्थ दिवसा दिसतच नाही. तो भिंतीत किंवा छतात मिटलेला असतो. त्याला पुलमन बर्थ म्हणतात. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत जॉर्ज पुलमन यांनी निजण्याचे आगगाडीचे डबे गाजवले, त्यांच्या नावावरून हे नाव आले. संध्याकाळी खोलीचा नोकर येऊन तो खाली ओढतो, अंथरूण घालतो, शिडी अडकवतो आणि सकाळी सगळे पुन्हा मिटवून जातो. काही खोल्यांत याऐवजी उघडून पलंग होणारा सोफा असतो. तो उघडला की मधली वाट अडते, आणि रात्री न्हाणीघराकडे जाणाऱ्याला कुणाला तरी ओलांडावे लागते.

आई म्हणाली, "मला काय, कुठेही चालेल." आपल्या घरांतला तिसरा माणूस नेमके हेच म्हणतो आणि आपण ते खरे मानतो. पण शिडी उभी होती, पायऱ्या अरुंद होत्या आणि वर ताठ बसायलाही उंची नव्हती. गुडघे दुखणाऱ्याने किंवा लहान मुलाने तिथे चढू नये. आम्ही पलंग वेगळे करून मागितले. हे तिकीट काढतानाच सांगावे आणि पहिल्या दिवशी नोकरालाही आठवण करावी. खाली आम्ही मायलेकी, वर आमचे हे. जावयाला दशमग्रह म्हणतात. आमच्याकडचा त्या रात्री खरोखरच वर जाऊन बसला! आईचा संकोच त्या हसण्यातच गेला. "दिवा मालवू का?" तिने विचारले. वरून उत्तर आले, "मालवा, आई." पहाटे ती दोनदा उठली, आणि दोन्ही वेळा कुणाला ओलांडावे न लागता न्हाणीघरात जाऊन आली.

तिसऱ्याची आणखी एक जागा असते, ती जीवरक्षक होडीतली. कधी खोलीत बर्थ रिकामा असतो, तरी कंपनी तिसरा माणूस नाकारते, कारण त्या भागाच्या होड्यांतल्या जागा भरलेल्या असतात. याचा राग मानू नये. १९१२ साली 'टायटॅनिक' बुडाली तेव्हा होड्या बोटीवरच्या जेमतेम निम्म्या लोकांनाच पुरणाऱ्या होत्या. १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेली आपली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. कोकणातल्या आईच्या पिढीला ते नाव सांगावे लागत नाही. म्हणून निघण्याच्या वेळी सगळ्यांना एकत्र बोलावून सूचना देतात, तेव्हा "तुम्ही दोघे जा, मी खोलीतच बसते" हे तिसऱ्याचे म्हणणे ऐकू नये. जाकिटे तीन आहेत ना आणि ती कुठे ठेवली आहेत, हेही विचारून घ्यावे.

खोली ठरवताना मानपान आणि वय यांचा हिशेब बाजूला ठेवावा. रात्री कोण उठते, शिडी कुणाला झेपते आणि बोट कुणाला लागते, एवढेच पाहावे. आणि जो "मी कुठेही निजेन" म्हणेल, त्याला आधी पलंग निवडू द्यावा.