गाडी ओढत नाही

चि. भाचेबुवांस,

रेंज गेली आणि तुझं बोलणं अर्धवट राहिलं, पण मुद्दा कळला. गाडी ओढत नाही, बोरघाटात दुसऱ्या गियरच्या वर जात नाही, आणि हायवेवरचा एक गॅरेजवाला म्हणतो, ‘डीपीएफ काढतो, ईजीआर बंद करतो, वर सॉफ्टवेअर मारून देतो, गाडी उडेल.’ उडेल की नाही ते पुढे बघू. तोवर सायलेन्सरला कटर लावू देऊ नकोस.

केडगावची पिकअप दिवसभर कुठे कुठे राबते ते मी तुला काय सांगणार. पहाटे शेतातून उपबाजारात कांदा, दुपारी गुऱ्हाळावरचा गूळ, रात्री चौफुल्याला सोलापूर हायवे धरून गुलटेकडी, नाहीतर थेट वाशी. अधूनमधून पारगावच्या पुलावरून न्हावरा, शिरूर. कंपनीने ही गाडी कागदावर १.७ टन मालासाठी बनवली. पन्नास किलोची गोणी धरली तर हिशेब ३४ गोण्यांत संपतो. आपल्याकडे ३४वी गोणी चढते तेव्हा हमाल नुकताच कामाला लागलेला असतो. बोलेरो मॅक्स पिकअपच्या दणकट मॉडेलालाही सुमारे ८० अश्वशक्ती आणि २२० न्यूटन-मीटर टॉर्क आहे. चांगल्या रिमॅपने, म्हणजे सॉफ्टवेअर बदलून, त्यात पंधरा-वीस टक्के भर पडेल. वजन मात्र आपण एका बैठकीत पन्नास टक्क्यांनी वाढवतो, मग ती भर खंडाळ्याच्या पहिल्या वळणावरच जिरते. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जादा मालाचा दंड २०,००० रुपयांपासून सुरू होतो, वर प्रत्येक जादा टनाला २,०००. तेव्हा पहिलं ट्यूनिंग वजनकाट्यावर होतं, हे कितीही कडू लागलं तरी ऐकून घे.

आता गाडीकडे वळू.

जुन्या मेस्त्र्यांच्या हाती ताकद वाढवायचा एकच उपाय होता. पंपाचा स्क्रू फिरवायचा, डिझेल वाढवायचं. गाडी खरंच ओढायची, आणि मागे काळा लोट सुटायचा. त्या धुराचं लोकांना कौतुकही होतं. एक किलो डिझेल पुरतं जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते, आणि प्रत्यक्षात त्याहून बरीच जास्त, कारण सिलेंडरमध्ये डिझेल नि हवा यांची गाठ पडायला फार थोडा वेळ मिळतो. हवा तेवढीच ठेवून डिझेल ओतलं की उरलेलं काजळी होऊन बाहेर पडतं. गुऱ्हाळावरचा जाळव्या हे कुणी न शिकवता जाणतो. चुलवाणात चिपाड कोंबलं तर धुराडं काळं होतं, काहिलीला आच लागत नाही, आणि गुळव्या ओरडतो.

१ एप्रिल २०२० पासून हा स्क्रूचा जमाना संपला. त्या तारखेनंतर जुन्या प्रदूषण नियमांची, म्हणजे बीएस-४ गाडी विकायची नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑक्टोबर २०१८ रोजी दिला होता. डिझेलमधलं गंधक दहा लाख भागांत ५० भागांवरून १० वर आलं, कारण त्याहून जास्त गंधकात पुढची यंत्रं टिकत नाहीत. कॉमन रेलमध्ये डिझेल हजार बारच्या वर दाबलं जातं आणि नोझल एका स्ट्रोकला ते अनेक बारीक पिचकाऱ्यांत सोडतो. या जातीचे नोझल आपल्या नाशिकच्या बॉशमध्येही बनतात. कुठली पिचकारी कधी, किती, हे इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, ठरवतो. ईजीआर थोडा जळका वायू परत आत घेतो, त्याने ज्वाला थंड राहते आणि नायट्रोजनचे ऑक्साइड कमी होतात. बदल्यात काजळी वाढते, ती डीपीएफ अडवतो. १ एप्रिल २०२३ पासून दुसरा टप्पा आला आणि गाडी प्रयोगशाळेबाहेर, खऱ्या रस्त्यावरही किती वायू सोडते त्याला मर्यादा लागली. म्हणजे एक भाग काढला की दुसऱ्याचा हिशेब चुकणार.

डीपीएफ आतून बघण्यासारखा असतो. बारीक चौकोनी नळ्यांचा चिनी मातीसारखा ठोकळा. एक नळी पुढून बंद, शेजारची मागून बंद, त्यामुळे वायूला भिंतीतून झिरपूनच जावं लागतं आणि काजळी मागे राहते. ती जाळायला सुमारे ६०० अंश उष्णता लागते. त्यासाठी ईसीयू थोडं जादा डिझेल उशिरा सोडून सायलेन्सर तापवतो. याला रिजनरेशन म्हणतात, आणि त्यासाठी गाडी पंधरा-वीस मिनिटं न थांबता बऱ्या वेगात चालावी लागते. केडगावात नेमकं तेच होत नाही. शेत ते बाजार, बाजार ते शेत, मध्ये रेल्वे फाटक, आणि प्रत्येक ठिकाणी चावी बंद. रिजनरेशन अर्ध्यावर तुटतं, काजळी साठते, इंजिनाला श्वास बाहेर टाकता येत नाही, आणि शेवटी स्वतःला वाचवायला ईसीयूच ताकद कापतो. तू ज्याला ‘ओढत नाही’ म्हणतोस, ते बऱ्याचदा हे असतं.

आणखी एक बघ. डिपस्टिक काढ. ऑइल कमी व्हायच्या ऐवजी चढलेलं दिसलं तर अर्धवट रिजनरेशनचं डिझेल सिलेंडरच्या भिंतीवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतंय. असं पातळ झालेलं ऑइल टर्बोच्या बेअरिंगला खातं. त्यावर रिमॅप करणं म्हणजे वेडेपणा.

तेव्हा लॅपटॉपवाल्याला बोलावण्याआधी बॉनेट उघड. डीपीएफच्या आधीचा आणि नंतरचा दाब सेन्सरपर्यंत नेणाऱ्या दोन बारीक नळ्या शोध. त्यांच्या रबरी टोकांना उष्णतेने चिरा पडतात, सेन्सर खोटं सांगतो आणि चांगला डीपीएफ ‘चोक’ ठरतो. मग टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतचा जाड होज चाचपड. क्लिपजवळ ऑइलचा ओलसर पट्टा असेल आणि त्यावर धूळ चिकटून काळपट कडं झालं असेल तर हवा तिथून निसटतेय. क्लिप ढिली असेल, नाहीतर खालच्या बाजूला, हाताला लागेल पण डोळ्याला दिसणार नाही अशी फट असेल. उसाच्या हंगामात एअर फिल्टर पुस्तकातल्या किलोमीटरवर बदलून भागत नाही, धूळ बघून बदलावा लागतो. ऑइल लो-ॲश लिहिलेलंच घे. साध्या ऑइलची राख डीपीएफमध्ये बसते, आणि काजळी जळते तशी राख जळत नाही. हे सगळं मिळून खर्च रिमॅपच्या मानाने किरकोळ, आणि निम्म्या गाड्यांना एवढ्यावरच पूर्वीचा दम परत येतो असं माझं मत आहे.

एवढं करूनही आणखी ताकद हवी असेल तर ती मिळते, आणि सगळी यंत्रं जागेवर ठेवून मिळते. चांगला ट्यूनर आधी काही बदलत नाही. गाडीच्या ओबीडी सॉकेटला स्कॅनर लावून भरल्या गाडीसह एक फेरी मारतो आणि बूस्ट, रेलचा दाब, हवेचं वजन, डीपीएफमधली काजळी असे आकडे टिपतो. मग ईसीयूत टॉर्कची मर्यादा, धुराची मर्यादा आणि टर्बोचा बूस्ट हे तिन्ही एकमेकांना धरून थोडेथोडे हलवतो. हवा आधी वाढवायची, डिझेल तिच्या मागून. ईजीआर आणि रिजनरेशनचे तक्ते जसेच्या तसे राहतात. खालच्या फेऱ्यांवर एकदम टॉर्क दिला तर क्लच जळतो, तो हळूहळू चढवायचा. रेलचा दाब हावरटासारखा वाढवला तर नोझल लवकर जातात. टर्बोच्या तोंडाशी तापमान घाटात सतत सातशे अंशांच्या पुढे राहू लागलं तर डिझेल मागे घ्यायचं.

डीपीएफ असलेल्या गाडीत या कामाची परीक्षा फुकट होते. रिमॅपच्या आधी दोन रिजनरेशनमध्ये किती अंतर जातं ते लिहून ठेव. नंतर तेवढ्याच मालावर, त्याच रस्त्यावर रिजनरेशन लवकर लवकर व्हायला लागलं तर ट्यूनरने जुन्या मेस्त्रीसारखाच स्क्रू फिरवलाय, फक्त की-बोर्डवरून. धूर दिसत नाही, डीपीएफ गिळतोय. गॅरेजवाल्यांना डीपीएफ नकोसा का असतो, त्याचं एक कारण हेही आहे. तो त्यांच्या कामाचा साक्षीदार असतो.

कायद्याचंही सांगून टाकतो. कंपनीच्या मूळ तपशिलाला सोडून गाडीत बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मनाई करतं. तसा बदल करणाऱ्या मालकाला कलम १८२अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड होऊ शकतो. प्रदूषणाचं कलम १९० वेगळं, तिथे तीन महिने किंवा १०,००० पर्यंत. कागदावर साधा रिमॅपही कलम ५२ च्या कचाट्यात येऊ शकतो आणि वॉरंटी तर जातेच, म्हणून वॉरंटी संपेपर्यंत हातच लावू नकोस. ‘पीयूसी मिळवून देतो’ या आश्वासनावर भुलू नकोस. डिझेलच्या पीयूसीत धूर मोजतात, नायट्रोजनचे ऑक्साइड मोजत नाहीत. तेच ऑक्साइड उन्हात जमिनीलगत ओझोन बनवायला मदत करतात, आणि तो ओझोन गव्हासारख्या पिकाचा उतारा कमी करतो. पिकअप शेतकऱ्याची आणि नुकसानही त्याचंच.

अमेरिकेत हा धंदा किती फोफावला ते बघ. तिथल्या पर्यावरण खात्याने नोव्हेंबर २०२० मध्ये हिशेब मांडला की दहाएक वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपची अशी यंत्रं काढली गेली. कंपन्याही धुतल्या तांदळाच्या नाहीत. २०१५ साली फोक्सवॅगनच्या प्रदूषण चाचणीतल्या लबाडीचं बिंग फुटलं तेव्हा आपल्या पुण्याच्या एआरएआय या वाहन तपासणाऱ्या संस्थेने इथल्या गाड्या तपासल्या आणि कंपनीला भारतात ३,२३,७०० गाड्या परत बोलवाव्या लागल्या. कोथरूडमुळे आपल्याला घरच्यासारख्या वाटणाऱ्या कमिन्सच्या अमेरिकी कंपनीने डिसेंबर २०२३ मध्ये रॅम पिकअपच्या इंजिनांवरच्या अशाच आरोपांपायी १६७.५ कोटी डॉलरचा दंड भरायचं मान्य केलं.

उलट बाजूही तिथेच आहे. कॅलिफोर्नियात ट्यूनिंगचं सामान विकायचं तर प्रदूषण वाढत नाही हे राज्याच्या हवा मंडळाला दाखवून परवान्याचा क्रमांक घ्यावा लागतो, आणि असे क्रमांक घेऊन ताकद विकणारे लोक आहेत. गेल बँक्स नावाचा गृहस्थ काळ्या धुराचा जुना वैरी. त्याने २००२ साली कमिन्सचं इंजिन बसवलेली एक डॉज पिकअप बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर ताशी सुमारे ३५० किलोमीटरने पळवली. ती गाडी तिथपर्यंत स्वतःच्या चाकांवर, मागे सामानाचा ट्रेलर ओढत गेली होती. तुला वाशीपर्यंतच जायचंय.

तेव्हा या आठवड्यात होज, दोन नळ्या, फिल्टर आणि ऑइल एवढं बघ. मग गाडीत माल भरून एकदा यवतच्या पुढे हायवेवर वीसेक मिनिटं एका लयीत चालव आणि मीटरवरचा डीपीएफचा दिवा जातो का ते कळव. स्कॅनरचे आकडे फोटो काढून पाठव. ट्यूनर आपण मिळून शोधू, पण जो आधी आकडे मागेल तोच.

ताईला नमस्कार, दाजींना सांग गूळ संपलाय.

तुझा,
मामा

ता. क. पुढेमागे डीईएफची टाकी असलेली गाडी घेतलीस तर एक पथ्य पाळ. डीईएफ म्हणजे सायलेन्सरमध्ये धुरावर फवारायचं द्रावण, ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी क्षारमुक्त पाणी. गोठ्यात ४५ किलोची पोती पडलेली बघून कुणाच्याही डोक्यात घरीच कालवायची कल्पना येईल. पण शेतीचा युरिया निंबोळी तेल लावलेला असतो, त्याने नोझल आणि कॅटॅलिस्ट दोन्ही बसतात. शिवाय तो अनुदानाचा, गाडीत ओतणं गुन्हा. सीलबंद डबाच घे आणि बिल जपून ठेव.