सलाईनचे थेंब आणि चौथीचं गणित

तुमचं मूल सध्या इस्पितळात असेल आणि खाटेजवळ शाळेचं दप्तरही आणून ठेवलेलं असेल, तर हे तुमच्यासाठी लिहितेय. दप्तर मीही नेलं होतं.

लेक नऊ वर्षांची, चौथीत. तिला ए.एल.एल. म्हणजे रक्ताचा कर्करोग निघाला आणि आम्ही इंदूरहून मुंबईला आलो. डॉक्टर म्हणाले, उपचार दोन-अडीच वर्षं चालतील, सुरुवातीचे महिने कठीण जातील. त्या रात्री रडून झाल्यावर माझ्या मनात काय आलं सांगू? हिचं वर्ष वाया जाणार! आज लाज वाटते, पण आलं खरं.

म्हणून दुसऱ्याच आठवड्यात रिपोर्टच्या पाकिटामागे वेळापत्रक लिहिलं. दहा ते अकरा गणित, अकरा ते बारा हिंदी. चार दिवस बरे गेले. मग तिचं अक्षर बिघडायला लागलं. रेघ सोडून खाली घसरायचं, पेन्सिल हातातून सुटायची. मी चिडले. "इतकं सुंदर अक्षर होतं तुझं, आळशीपणा करू नकोस," असं बोलले. ती गप्प बसली.

संध्याकाळी फ्रॉकचं बटण लावताना तिची बोटं बटणावरून सारखी निसटताना दिसली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना विचारलं. व्हिन्क्रिस्टिन नावाच्या औषधाने नसांवर परिणाम होतो, बोटांना मुंग्या येतात, पकड ढिली पडते. औषध कमी झालं की बहुतेक मुलांमध्ये ते हळूहळू सुधारतं. सुरुवातीला हेही सांगितलं असेल. माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. मी लेकीची माफी मागितली. ती म्हणाली, "आई, मला वाटलं मी लिहायलाच विसरले."

वेळापत्रकाचं पाकीट त्याच दिवशी फाडलं.

पुढचे तीन महिने लिहिणं जवळजवळ बंद. ती सांगायची, मी लिहायची. कधी लिहावंसं वाटलं तर पेन्सिलीला क्रेप बँडेज गुंडाळून जाड करून द्यायची. पाढे रात्री आठला, फोनवर, बाबांकडून. सतराच्या पाढ्यात बाबा हटकून चुकायचे (मुद्दाम की खरंच, ते मी अजून विचारलेलं नाही) आणि ही इथून ओरडून दुरुस्त करायची.

गणिताचा खरा तास मात्र सलाईनने घेतला. मुलांना लावतात त्या बारीक थेंबांच्या सेटमध्ये 60 थेंबांचा एक मिलिलिटर होतो, हे एका सिस्टरनी तिला सांगितलं. माझ्या घड्याळात बघून तिने थेंब मोजले. मिनिटाला 40. मग तासाला किती? 40 गुणिले 60, भागिले 60. "म्हणजे 40च मिलिलिटर!" मग बाटलीत उरलेले 100 संपायला अडीच तास. आणि खरंच तेवढाच वेळ लागला तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होता. हिमोग्लोबिन 7.8 वरून 9.2 झालं की फरक तीच काढायची. दशांश अपूर्णांक असे शिकून झाले. पुस्तकात ते पुढच्या वर्षी होते.

काही दिवस अभ्यासाचं नावही काढू नका. पाठीच्या मणक्यातून औषध देतात तो दिवस, तापाचा दिवस. आणि स्टेरॉइडचे आठवडे! तेव्हा रात्री तीनला उठून बटाट्याची भाजी मागायची, नाही मिळाली की रडायची. त्या दिवसांत मी फक्त गोष्टी वाचल्या. चांगल्या दिवशीही सलग वीस मिनिटं पुष्कळ झाली.

शाळेचं सांगायला हवं. हजेरी भरणार नाही म्हणून नाव काढून घ्या, असं तोंडी सुचवण्यात आलं. आम्ही जवळजवळ काढलंच होतं. पण 2009च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार आठवीपर्यंतचं शिक्षण पूर्ण होण्याआधी मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. डॉक्टरांच्या पत्रासह लेखी अर्ज दिला, नाव राहिलं. तुम्हीही जे काय ते लेखी द्या. मूल दहावीच्या वयाचं असेल तर एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, हाही मार्ग आहे. तिथला प्रवेश पाच वर्षं चालतो, विषय थोडे थोडे करून देता येतात.

नंतर वर्गशिक्षिका फळ्याचे फोटो पाठवू लागल्या. मैत्रिणींना व्हिडिओ कॉल करायचा होता, पण लेकीला केस गेलेलं डोकं दाखवायचं नव्हतं. मी आग्रह केला नाही. त्या आवाजी निरोप पाठवायच्या: कोण कुणाशी भांडलं, डब्यात काय होतं. अभ्यासापेक्षा तेच ती पुन्हा पुन्हा ऐकायची.

आता घरी गोळ्यांचा टप्पा सुरू आहे. लेक पाचवीत जाते, मास्क लावून. हात अजून भरभर चालत नाही. परवा चाचणीच्या आधी मी बाईंना चिठ्ठी लिहायला बसले, तर म्हणाली, "नको, मी सांगितलंय. दहा मिनिटं जास्त मिळणार आहेत."